तिवरे धरण: दोष खेकड्यांचा नव्हता

१९४३ च्या महापुरात दामोदर नदीने बांध फोडला. तेव्हा मजूरमंत्री असलेल्या बाबासाहेबांनी ३ जानेवारी १९४५ च्या कलकत्ता परिषदेत पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार मांडला. पुढे १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. भेंदवाडीतली वीसहून अधिक माणसे वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. मंत्र्यांनी मात्र खेकड्यांकडे बोट दाखवले! मातीच्या धरणातली गळती आतून माती वाहून नेते. ती वेळीच रोखणे हे शासनाचे काम, खेकड्यांचे नव्हे.

आम्ही विचारतो, जयंती साजरी करणाऱ्या आपण आपल्या गावच्या धरणाचा तपासणी अहवाल कधी मागितला? माहिती अधिकार हाती आहे. पावसाळ्याआधी अर्ज करा. जय भीम!