बोटांनी पाहायचा पट

बुद्धिबळात एक कडक नियम आहे: ज्या सोंगटीला हात लावला, ती खेळलीच पाहिजे. हाच नियम आम्हा अंधांची वाट अडवणारा होता. आम्हाला पट दिसतो तो बोटांनी. हात लावायचा नाही, म्हणजे बघायचंच नाही.

ही अडचण सुटली थोड्या सुतारकामाने आणि नियमातल्या एका दुरुस्तीने. आमच्या पटावर काळी घरं पांढऱ्या घरांपेक्षा किंचित उंच असतात. प्रत्येक घराच्या मधोमध भोक, प्रत्येक सोंगटीच्या तळाशी खुंटी आणि काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर टोचणारी खूण. बोटं पटभर फिरवली तरी काही पडत नाही. आणि नियम असा, की सोंगटी भोकातून उपसली, तरच तिला हात लावला असं धरायचं. स्पर्श ही आमची नजर आहे, हे त्या दुरुस्तीने मान्य केलं.

या खेळाला जगभर जोडणारा माणूस रेजिनाल्ड बॉनहॅम. इंग्लंडमधल्या वूस्टरच्या अंध शाळेत ते गणित शिकवत. स्वतःलाही जवळजवळ दिसत नसे. 1951 साली त्यांनी आंतरराष्ट्रीय ब्रेल बुद्धिबळ संघटना उभी केली. सुरुवातीला डाव चालत टपालाने, ब्रेलमध्ये चाली कळवून. 1961 मध्ये जर्मनीतल्या मेशेडे गावात अंधांचं पहिलं ऑलिम्पियाड भरलं.

समोरासमोर खेळताना दोघांपुढे आपापला पट असतो. चाल मोठ्याने सांगायची, समोरच्याने ती परत उच्चारायची आणि आपल्या पटावर लावायची. उभ्या ओळींची बी, सी, डी ही अक्षरं कानाला सारखीच वाटतात, म्हणून त्या ओळींना नावं आहेत: अ‍ॅना, बेला, सेझार, डाविड, एव्हा, फेलिक्स, गुस्टाव्ह, हेक्टर. समोर डोळस खेळाडू असला तरी याच रीतीने डाव होतो. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमावलीत तशी तरतूदच आहे.

मुंबईच्या चारुदत्त जाधवांनी देशभरातल्या अंध मुलांना या पटाशी आणून बसवलं. त्यांचं आणि त्या मुलांचं जग ‘अल्गोरिदम्स’ या माहितीपटात चित्रित झालं आहे. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत वडोदऱ्याच्या दर्पण इनानीने सुवर्णपदक जिंकलं, ती बातमी मी रेडिओ छातीशी धरून ऐकली.

मी एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होतो. एका वर्षी एका गणेशोत्सव मंडळाच्या बुद्धिबळ स्पर्धेत नाव द्यायला गेलो. कार्यकर्त्यांनी मला व्यासपीठावर बसवलं, शाल-श्रीफळ दिलं, माझ्या जिद्दीवर भाषण केलं. खेळायला मात्र घेतलं नाही. “काका, तुम्हाला कसं जमणार?” असं त्यांनी मायेनेच विचारलं. त्या मायेने मला स्पर्धेबाहेर ठेवलं. माझा पट तेव्हा माझ्या पिशवीत होता.

आमच्या खेळाचा सगळा इतिहास मला हेच सांगतो, की कौतुकाने कुणी खेळाडू होत नाही. खुंटी, भोक आणि नियम बदलण्याची तयारी असली की होतो. या खेळाला मैदान लागत नाही, इमारत फोडावी लागत नाही. म्हणून शहरातल्या प्रत्येक मंडळाला आणि वाचनालयाला माझं सांगणं आहे: एक खुंट्यांचा पट ठेवा, आणि स्पर्धेच्या अर्जावर एवढं छापा, की अंध खेळाडूंनीही नावं द्यावीत. मग आम्हाला हरवायला खुशाल बसा.