अन्नवस्त्र, वाटा आणि व्यवस्था

ज्या घरात अपंग मूल आहे, त्या घरातील आईच्या मनात एक प्रश्न कायमचा मुक्कामाला असतो: ‘आमच्यामागे याचे कोण पाहील?’ आपल्या मंडळातही अशा भगिनी आहेत. हळदीकुंकवाला त्या हसतमुखाने येतात, भजनाला बसतात, आणि हा प्रश्न पदराआड तसाच ठेवून घरी जातात. आपल्या समाजाने या प्रश्नाला वेळोवेळी कोणती उत्तरे दिली, हे वर्धापनदिनाच्या निमित्ताने सांगावे, असे मला वाटले. ती उत्तरे समजली, तर पुढचे पाऊल कोठे टाकावयाचे हेही कळेल.

पहिले उत्तर फार जुने आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवर विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, ती कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, सहाव्या विक्रमादित्याच्या काळी. इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी हाच ग्रंथ प्रमाण मानला, आणि आपल्याकडच्या हिंदू घरांतील वाटण्या बव्हंशी त्यावर होत राहिल्या. या शास्त्राप्रमाणे पांगळा, आंधळा, वेडा, जडबुद्धी, असाध्य रोगाने ग्रासलेला अशांस वडिलार्जित मालमत्तेत वाटा नव्हता. मात्र त्यांना उघड्यावर टाकण्याचीही मुभा नव्हती. कुटुंबाने त्यांना जन्मभर पोसलेच पाहिजे, त्यांच्या निर्दोष मुलांना वाटा दिला पाहिजे, मुलींना लग्न होईपर्यंत सांभाळले पाहिजे आणि निपुत्रिक बायकांचेही पोषण केले पाहिजे, असे शास्त्राने बजावले होते. जुन्या कागदपत्रांत यालाच ‘अन्नवस्त्राचा हक्क’ म्हणत.

आपल्याला आज हे कठोर वाटते, आणि ते तसे होतेच. पण भगिनींनो, त्या पंक्तीत आणखी कोण बसले होते, हे पाहण्याजोगे आहे. एकत्र कुटुंबातील विधवेचा हक्कही अन्नवस्त्रापुरताच असे. पांगळा दीर आणि विधवा भावजय, दोघांनाही घर जेवू घालीत होते. पण घरातील एका खणावरही ‘हे माझे’ असे दोघांपैकी कोणालाच म्हणता येत नव्हते. विधवेला नवऱ्याच्या हिश्शात काही अधिकार मिळाला तो १९३७ च्या कायद्याने, आणि तोही हयातीपुरता. तिला तो विकता येत नसे, की मृत्युपत्राने कोणाला देता येत नसे.

अपंगांच्या बाबतीत पहिला बदल त्याच्याही आधी, १९२८ साली झाला. केवळ रोगामुळे, व्यंगामुळे किंवा शारीरिक अथवा मानसिक दोषामुळे कोणाही हिंदूचा वारसा वा वाटा नाकारता येणार नाही, असा कायदा त्या वर्षी आला. आंधळ्याला, बहिऱ्याला, लंगड्याला, कुष्ठरोग्याला दार उघडले. परंतु जन्मतःच वेडा किंवा जडबुद्धी असेल, त्याला त्या कायद्यानेही बाहेरच ठेवले. ज्याला आधाराची सर्वांत अधिक गरज, तोच उंबऱ्याबाहेर राहिला.

वाटा मिळाला म्हणजे सगळे झाले काय? मी माझ्या घरातले उदाहरण सांगते. माझे धाकटे चुलते जन्मापासून बहिरे आणि मुके होते. आम्ही मुले त्यांना अप्पाकाका म्हणत असू. साताऱ्याकडच्या आमच्या खेड्यात, आजोबांच्या पश्चात, वाटण्या झाल्या. कायद्याप्रमाणे त्यांनाही इतर भावांइतकाच वाटा मिळाला. घराचा चौथा हिस्सा आणि दोन शेते. सात-बारावर त्यांचे नाव चढले. पण शेत भावांनी कसले, पीक भावांनी विकले, आणि अप्पाकाका महिन्याच्या पाळीने तिन्ही भावांकडे जेवत राहिले. त्यांचे धान्य किती आले, किती विकले, पैसे कोणाकडे राहिले, हे कोणी त्यांना विचारले नाही आणि सांगितलेही नाही. माझे वडील आणि चुलते दुष्ट नव्हते. आजारपणात त्यांनी त्यांची सेवाही केली. पण हिशेब मागणारे कोणी नसले, म्हणजे सज्जन माणसाचाही हात सैल पडतो. आजीला हे कळत होते. तिच्या नावावर जमीन नव्हती. होत्या त्या चार पाटल्या. त्या तिने थोरल्या सुनेच्या हातात घातल्या आणि एवढेच म्हणाली, ‘याला उपाशी ठेवू नकोस.’ एका आईची आपल्या मुलासाठी केलेली तीच सगळी आर्थिक तरतूद होती.

१९५६ साली हिंदू वारसा कायदा झाला. त्याच्या दोन कलमांकडे मी आपले लक्ष वेधू इच्छिते. चौदाव्या कलमाने स्त्रीच्या ताब्यातील मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. अठ्ठाविसाव्या कलमाने रोग, दोष अथवा व्यंग या कारणावरून कोणाचाही वारसा नाकारता येणार नाही, असे ठरविले, आणि यात जन्मतः जडबुद्धी असलेले मूलही आले. शतकानुशतके एकाच पंक्तीत बसलेली ती दोघे, आई आणि तिचे अपंग मूल, एकाच कायद्याने मालक झाली. आईला आता आपल्या मर्जीने त्या मुलासाठी मागे काही ठेवता येऊ लागले. आजीच्या पाटल्यांपासून मृत्युपत्रापर्यंतचे हे अंतर आपण पुरते ओळखलेले नाही, असे मला नेहमी वाटते.

आपल्या मुंबई राज्याच्या कूळकायद्यातही या मंडळींची अशीच एकत्र आठवण ठेवलेली दिसते. १ एप्रिल १९५७ रोजी कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. मात्र जमीनमालक अज्ञान असेल, विधवा असेल किंवा शरीराने वा मनाने अपंग असेल, तर कुळाचा खरेदीचा हक्क पुढे ढकलण्याची तरतूद त्यात होती.

हक्काचा प्रश्न असा बराचसा सुटला, तरी अप्पाकाकांचा प्रश्न उरतोच. ज्याला व्यवहार कळत नाही किंवा करता येत नाही, त्याच्या वतीने तो कोणी करावयाचा, आणि त्या करणाऱ्यावर नजर कोणी ठेवावयाची? आईबाप हे मुलाचे नैसर्गिक पालक खरे, पण ते मूल अठरा वर्षांचे होईपर्यंतच. अठरावे सरले की कायद्याच्या दृष्टीने तो सज्ञान होतो. मग त्याची समज चार वर्षांच्या बालकाएवढी का असेना. १९१२ च्या वेड्यांसंबंधीच्या कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून चौकशी होऊन मालमत्तेचा व्यवस्थापक नेमण्याची सोय होती, आणि मतिमंदांचाही समावेश त्यात होई. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो जुना कायदा गेला, तेव्हा नव्या व्याख्येतून मतिमंदत्व वगळण्यात आले. मतिमंदत्व हा आजार नव्हे, हा विचार योग्यच होता. पण १९९३ साली हा कायदा अमलात आल्यावर सज्ञान मतिमंदांच्या पालकत्वाची जुनी वाट बंद झाली आणि नवी अजून बांधलेली नव्हती.

ती वाट १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने बांधली. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी हा कायदा आहे. त्यासाठी केंद्र सरकारने एकदाच द्यावयाच्या १०० कोटी रुपयांच्या निधीची तरतूद त्यात होती. सज्ञान व्यक्तीसाठी पालक नेमण्याचा अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करावयाचा असतो. या समितीत जिल्हाधिकाऱ्यांच्या दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. मला या कायद्यातील सोळावे कलम सर्वांत मोलाचे वाटते. पालक नेमला गेला की सहा महिन्यांत त्याने त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावयाची, आणि पुढे प्रत्येक आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च सादर करावयाचा. अप्पाकाकांच्या दोन शेतांचा हिशेब मागणारे कोणी नव्हते. या कायद्याने मागणारा उभा केला. त्यानंतर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. दिव्यांगाला स्वतःची मालमत्ता बाळगण्याचा आणि आपला पैसाअडका पाहण्याचा समान अधिकार आहे; मदत लागेल तेथे मर्यादित पालकत्व असावे आणि निर्णय त्याच्याशी विचारविनिमय करून व्हावेत, असे त्यात सांगितले आहे. सगळ्याच अपंगांना दुसऱ्याच्या हाताने व्यवहार करावा लागत नाही. अप्पाकाका आज असते, तर खुणांच्या भाषेत त्यांनी भावांकडे हिशेब मागितलाही असता.

आता पैशाकडे वळू. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा पुष्कळ भगिनींना ठाऊक नसतो. नवऱ्याने स्वतःच्या आयुष्याचा विमा बायकोच्या अथवा मुलांच्या हितासाठी या कायद्याखाली उतरविला, तर ती रक्कम न्यासाप्रमाणे त्यांचीच राहते. त्याच्या सावकारांना तिच्यावर हात टाकता येत नाही. १९२३ सालापासून ही सोय हिंदू, मुसलमान आदी सर्वांना मिळाली. पुढे आयुर्विमा महामंडळाने अपंग मुलांच्या पालकांसाठी ‘जीवन आधार’सारखी पॉलिसी काढली. तिच्यात पालकाच्या मृत्यूनंतर काही रक्कम एकदम आणि बाकीची वर्षासनाच्या रूपाने मिळे. करात सवलत हवी, तर पैसे पालकाच्या मृत्यूनंतरच मिळावेत, अशी कायद्याची अट होती. पालक हयात असताना, पण म्हातारपणी उत्पन्न थांबल्यावर, मुलाने काय खावे? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने अट रद्द केली नाही, परंतु सरकारने तिचा फेरविचार करावा असे सुचविले. २०२२ च्या अर्थ कायद्याने, पालकाला साठ वर्षे पूर्ण झाल्यावर आणि हप्ते थांबल्यावरही वर्षासन घेण्याची मुभा मिळाली. म्हाताऱ्या आईबापांच्या हयातीतच त्यांच्या अपंग मुलाच्या हातात पैसा येण्याची वाट तेव्हा मोकळी झाली.

सरकारी नोकराच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाचीही गोष्ट अशीच आहे. स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या अपंग मुलाला किंवा मुलीला ते जन्मभर मिळण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. पूर्वी त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा फार तोकडी होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने ती सैल केली. मात्र मुलाचे नाव आणि अपंगत्वाचा दाखला आईवडिलांच्या हयातीतच कार्यालयात नोंदवून ठेवला, तर मागाहून होणारी धावपळ पुष्कळ वाचते. ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नाही, त्यांच्यासाठी आपल्या राज्यात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिची रक्कम २०२३ साली दरमहा दीड हजार रुपये झाली आणि २०२५ साली दिव्यांगांसाठी ती अडीच हजार करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. एवढ्यात महिना निघत नाही, हे कोणा गृहिणीला सांगावयास नको.

आणि पैसा असला, तरी तो तोंडात घास घालत नाही. माणूस लागते, छप्पर लागते. मुंबईत वकील दांपत्याने १९४४ साली आपल्या मुलीच्या निमित्ताने मतिमंद मुलांची शाळा घरीच सुरू केली. तीच आजची जय वकील संस्था. मुले मोठी झाली, पालक थकले, तेव्हा शाळेपुढचा प्रश्न उभा राहिला. मग पालकच एकत्र येऊ लागले. बदलापूरचे ‘आधार’, डोंबिवलीजवळ खोणी येथील ‘घरकुल’ ही निवासस्थाने अशा पालकांच्या एकजुटीतून उभी राहिली. एकट्याला जे जमत नाही, ते दहा घरे मिळून करू शकतात, हे आपल्यासारख्या मंडळाला निराळे सांगावयास नको.

या सगळ्या इतिहासातून मला जे दिसते, ते असे. प्रथम आपण दुबळ्याला अन्नवस्त्र दिले, मग वाटा दिला, आणि व्यवस्था द्यावयास सर्वांत शेवटी शिकलो. ती व्यवस्था आपोआप होत नाही. ‘भाऊ आहे ना, तो पाहील’ या भरवशावर सगळी मिळकत भावाच्या नावे करून ठेवणारी घरे आजही आढळतात. त्या भावाचे देणे झाले, त्याचा संसार मोडला किंवा तो आधी गेला, तर? कोणी नॉमिनी म्हणून भावाचे नाव घालतात. परंतु नॉमिनी हा पुष्कळदा पैसे घेणारा हात असतो, मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली हेच सांगितले. म्हणून मृत्युपत्र करावे. मुलाला स्वतः व्यवहार करता येत नसेल, तर त्याचा वाटा थेट त्याच्या हाती न देता १८८२ च्या न्यास कायद्याप्रमाणे खाजगी न्यासात ठेवावा. विश्वस्त एकापेक्षा अधिक असावेत, निदान एक तरी आपल्याहून वयाने लहान असावा, आणि जो मुलाचे राहणे-जेवणे पाहणार, त्याच्याच हाती सगळा पैसा नसावा. पैसे खर्च करणारा एक आणि हिशेब पाहणारा दुसरा, एवढी साधी गोष्ट अप्पाकाकांच्या वेळी आमच्या घराला सुचली नाही.

कागदपत्रे वकील करून देईल. एक कागद मात्र आईनेच लिहावयाचा आहे. मुलाला कोणते औषध किती वाजता लागते, कोणत्या आवाजाची भीती वाटते, भाकरी कुस्करून द्यावी लागते की तुकडे करून, रडू लागला तर कोणत्या गाण्याने थांबतो, हे सारे एका वहीत लिहून ठेवावे आणि दरवर्षी त्यात भर घालावी. येत्या वर्षात मंडळाने एखादा जाणता वकील आणि अशा एखाद्या पालक संघटनेचे कार्यकर्ते बोलावून दोन दुपारी या कामासाठी राखून ठेवाव्यात, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. येताना भगिनींनी अपंगत्वाचा दाखला, विम्याचे कागद आणि एक कोरी वही बरोबर आणावी.