स्लो कुकर

स्लो कुकर हे अन्न कमी तापमानावर, झाकून, चार ते दहा तास शिजविणारे विजेचे भांडे आहे. अमेरिका, कॅनडा व ब्रिटन या देशांत ते घरोघरी वापरले जाते. अमेरिकेत त्याचे 'क्रॉक-पॉट' हे व्यापारी नावच सामान्यनाम होऊन बसले आहे. आपल्याकडे वनस्पती तुपाला सरसकट 'डालडा' म्हटले जाई, तसाच हा प्रकार. मराठीत या उपकरणास स्वतंत्र शब्द रूढ झालेला नाही. 'कुकर' म्हटले की मराठी घरात शिटी ऐकू येते, आणि घोटाळ्याला तेथूनच सुरुवात होते. कारण ही दोन्ही भांडी एकमेकांच्या अगदी उलट स्वभावाची आहेत. प्रेशर कुकर वाफ कोंडून पाण्याचे तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास नेतो. स्लो कुकर साध्या उकळीच्याही थोडा खालीच राहतो. पहिला वेळ वाचवितो. दुसरा वेळ भरपूर घेतो, पण माणसाला शेजारी उभे राहू देत नाही. म्हणून प्रेशर कुकरची सवय असलेल्या स्वयंपाक्याने स्लो कुकर हाती घेताना काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. त्यांपैकी एक, कडधान्यांविषयीची, प्रकृतीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

उगम

या उपकरणाचा जनक शिकागो येथील संशोधक अर्व्हिंग नॅक्सन. त्याचे मूळ आडनाव नाखुमसोन असे होते. त्याची आई लिथुएनियातील ज्यू कुटुंबातील होती. ज्यू धर्मात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सायंकाळपर्यंत 'शब्बाथ' पाळतात व त्या काळात चूल पेटवीत नाहीत. (कोकणातील बेने इस्राएल समाज तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवी, म्हणून त्याला 'शनिवार तेली' हे नाव पडले, हे पुष्कळांना ठाऊक असेल.) चूल पेटवायची नाही, आणि शनिवारी दुपारी गरम जेवण तर हवे, यावर पूर्व युरोपातील ज्यूंनी काढलेला तोडगा म्हणजे 'चोलंट'. घेवड्याच्या बिया, जव, बटाटे व मांस यांचे भांडे शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी गावातील पाववाल्याच्या भट्टीत नेऊन ठेवायचे. भट्टी विझवलेली असे; परंतु तिच्या उरलेल्या उबेवर रात्रभर ते कालवण शिजत राही. आईकडून ऐकलेल्या या आठवणीतून नॅक्सनला विजेच्या भांड्याची कल्पना सुचली. १९३६ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला व १९४० मध्ये ते मंजूर झाले.

पुढे 'नॅक्सन बीनरी' या नावाने हे भांडे विकले जाऊ लागले. नावाप्रमाणेच ते मुख्यत्वे घेवड्याच्या बिया शिजविण्याचे भांडे समजले जाई. १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल या कंपनीने नॅक्सनचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच भांडे नव्या रूपात 'क्रॉक-पॉट' म्हणून बाजारात आणले. घराबाहेर नोकरी करणाऱ्या स्त्रियांची संख्या अमेरिकेत त्या काळी वाढत होती. सकाळी भरून ठेवलेले भांडे संध्याकाळी तयार जेवण देते, ही जाहिरात त्यांना उद्देशून होती. १९७३ च्या तेलटंचाईनंतर कमी वीज खाणारे साधन म्हणूनही त्याची मागणी वाढली. १९७४ मध्ये आतील भांडे बाहेर काढता येऊ लागले. हा बदल किरकोळ वाटतो, पण तोवर विजेच्या तारेसकट सगळे यंत्र जपून घासावे लागत असे.

रचना व शिजण्याची क्रिया

बाहेर धातूचे आवरण, त्याच्या आतल्या बाजूस तापणारी तार आणि मध्ये चकाकी दिलेले जाड मातीचे भांडे, अशी याची साधी रचना असते. हे भांडे लोणच्याच्या बरणीच्या जातीचे असते. वर काचेचे झाकण. घरगुती यंत्रे बहुधा तीन ते सहा लिटरची असतात व मध्यम यंत्र साधारण २०० वॉट वीज घेते. खटक्यावर 'लो', 'हाय' व 'वॉर्म' अशा खुणा असतात. लो म्हणजे कमी आच व हाय म्हणजे जास्त आच एवढाच अर्थ पुष्कळजण घेतात. प्रत्यक्षात अनेक यंत्रांत दोन्ही खुणा अखेरीस जवळजवळ सारख्याच तापमानाला पोचतात. फरक पडतो तो तेथवर पोचण्याच्या वेगात. वॉर्म ही खूण शिजलेले अन्न ऊन ठेवण्यासाठी आहे, शिजविण्यासाठी नाही.

वाफ झाकणाला लागून पुन्हा आत ठिबकते, त्यामुळे पाणी आटत नाही. म्हणजेच रस्सा आपोआप आळत नाही, आणि चुलीवरच्या पाककृतीइतके पाणी घातल्यास पदार्थ पांचट होतो. मांस व भाज्या अंगच्या पाण्यातच बऱ्याचशा शिजतात. तसेच, या भांड्यात काहीही परतले किंवा खरपूस भाजले जात नाही. कांदा तांबूस होण्यास लागणारे तापमान पाण्यात मिळतच नाही; कच्चा कांदा आठ तासांनी मऊ होतो, गोड होतो, पण भाजल्याची चव देत नाही. फोडणी व वाटण वेगळ्या कढईत करून मगच भांड्यात घालावे, हा भारतीय स्वयंपाकासाठी पहिला नियम ठरतो.

या यंत्राचा खरा गुण दिसतो तो चिवट मांसात. खांदा, नळी, पुठ्ठा अशा राबत्या स्नायूंत कोलॅजेन नावाचे चिवट प्रथिन पुष्कळ असते. दीर्घकाळच्या ओल्या उष्णतेने त्याचे जिलेटिनमध्ये रूपांतर होते व मांस हाडापासून सुटते, रस्सा दाट लागतो. कोंबडीच्या छातीचा मऊ तुकडा मात्र तेवढ्याच वेळात कोरडा व दोरेदार होतो.

राजम्याची विषबाधा

लाल राजम्याच्या कच्च्या दाण्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते. कच्चे किंवा अर्धेकच्चे चार-पाच दाणेही पोटात गेल्यास एक ते तीन तासांत मळमळ, जोराच्या उलट्या व नंतर जुलाब होऊ शकतात. पुरेशा उकळीने हे द्रव्य नष्ट होते. पण ८० अंशांच्या आसपास तापवीत ठेवल्यास दाण्याचा विषारीपणा कच्च्या दाण्याहूनही वाढू शकतो, पाचपटीपर्यंत. स्लो कुकरमधील काही पदार्थांचे आतील तापमान ७५ अंशांच्या वर गेलेच नाही, असे चाचण्यांत आढळले आहे. म्हणजे नवखा माणूस ज्या यंत्राकडे 'टाका आणि विसरा' म्हणून पाहतो, नेमक्या त्याच यंत्रात भिजवलेला राजमा थेट टाकणे सर्वांत धोक्याचे.

भारतात हा धोका फारसा कोणाला माहीत नसतो, कारण आपल्याकडे राजमा प्रेशर कुकरमध्येच शिजतो. तेथील तापमानापुढे हे प्रथिन टिकत नाही. परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याच्या खोलीत प्रेशर कुकरच्या जागी स्लो कुकर येतो, तेव्हा ही आपसूक मिळणारी सुरक्षितता संपते. दाणा मऊ लागला म्हणजे तो निर्धोक झाला, हा समजही येथे चुकीचा ठरतो. राजमा किमान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे, ताज्या पाण्यात गॅसवर निदान दहा मिनिटे खळखळ उकळावा आणि मगच स्लो कुकरमध्ये घालावा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला तर ३० मिनिटे उकळण्याचा आहे. तो पाळणे अधिक बरे. पांढऱ्या राजम्यात हे द्रव्य कमी, लाल जातीच्या सुमारे एक तृतीयांश असते. साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा हा वनस्पतिशास्त्रदृष्ट्या राजम्याचाच भाऊ आहे, तेव्हा त्यालाही हाच नियम लावावा. डबाबंद राजमा आधीच शिजलेला असल्याने त्याची चिंता नाही. पाककृतींच्या पुस्तकांत ही सूचना बहुधा कोपऱ्यात बारीक अक्षरात असते. तिची जागा पहिल्या पानावर आहे.

नवशिक्यांसाठी पदार्थ

सुरुवात वरणापासून करावी. एक वाटी तुरीची डाळ धुऊन चार वाट्या ऊन पाणी, हळद व थोडे तेल घालून हायवर ठेवल्यास तीन ते चार तासांत शिजते. मीठ, चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावर घालावे. आंबट पदार्थ आधी पडला की दाणा लवकर मऊ होत नाही. फोडणी वरून द्यावी. मुगाची मऊ खिचडी याहून सोपी: अर्धी वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, पाच वाट्या आधणाचे पाणी, हायवर सुमारे दोन ते अडीच तास. मोकळा भात मात्र या भांड्यात करू नये. तो एकतर कडेला लागतो किंवा मध्ये गिच्च होतो.

काबुली चणे रात्रभर भिजवून, पाणी बदलून, दाण्यांवर दोन बोटे राहील इतके ऊन पाणी घालून हायवर चार ते पाच तास ठेवावे. चण्यांत वर सांगितलेले द्रव्य राजम्याच्या मानाने फारच कमी असते. टोमॅटो व आमचूर चणे बोटचेपे झाल्यावर घालावे.

मटणाचा रस्सा हा या भांड्याचा सर्वांत चांगला उपयोग म्हणावा लागेल. अर्धा किलो हाडासहित मटण कढईत तेलावर परतून घ्यावे, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण व मसाला त्यात परतावा, सर्व भांड्यात काढून एक वाटी ऊन पाणी घालावे. बटाटा घालायचा असल्यास तो तळाशी ठेवावा. येथे नवखा माणूस हमखास चकतो: बटाटा, गाजर, बीट ही कंदमुळे मांसाहूनही उशिरा शिजतात, म्हणून ती तळाला, कडेच्या उष्णतेजवळ असावी लागतात. पहिला एक तास हायवर व पुढे सहा-सात तास लोवर. नारळाचे दूध, दही किंवा साय फाटते, म्हणून ती शेवटच्या अर्ध्या तासात. कोथिंबीर वाढताना.

गव्हाची खीर ढवळत बसण्याचा कंटाळा येऊन अनेक घरांतून हद्दपार झाली आहे. तिच्यासाठी हे यंत्र जणू मुद्दाम केले असावे. खपली गव्हाचा भरडा एक वाटी, पाणी पाच वाट्या, हायवर चार तास. गहू पूर्ण शिजल्यावरच गूळ घालावा, नाहीतर दाणा आकसून कडक राहतो. दूध वाढतेवेळी, गार घालावे. गुळाबरोबर तापवल्यास ते नासण्याची भीती असते.

वरील वेळा अंदाजे आहेत. प्रत्येक यंत्र वेगळे चालते, त्यामुळे पहिल्या दोन-तीन खेपा सुट्टीच्या दिवशी, घरी असताना कराव्यात. भांडे अर्ध्याहून कमी व दोन तृतीयांशाहून अधिक भरू नये. झाकण पुन्हापुन्हा उघडू नये. दर वेळी गेलेली ऊब भरून येण्यास १५ ते ३० मिनिटे लागतात.

इतर काळजी

५ ते ६० अंश या दरम्यान अन्नात जंतू वेगाने वाढतात, आणि स्लो कुकर हा टप्पा सावकाश ओलांडतो. म्हणून गोठलेले मांस थेट घालू नये. ते फ्रीजमध्ये पूर्ण सुटे होऊ द्यावे. शिळे अन्न यात गरम करू नये. ते गॅसवर उकळी येईपर्यंत तापवावे, नंतर हवे तर यात ऊन ठेवावे. तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतल्यास ते तडकते.

भारतातील वापर

मंद आचेवरचा स्वयंपाक भारताला नवा नाही. चुलीच्या वैलावर वरण मुरत ठेवणे, निखाऱ्यांवर दूध तापत ठेवणे हे ग्रामीण महाराष्ट्रात नेहमीचे होते. १९१० मध्ये कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी 'इकमिक कुकर' तयार केला. नळकांड्यात डब्यांची चळत व तळाशी कोळसा, अशा त्या साधनात भात, डाळ व भाजी वाफेवर हळूहळू एकत्र शिजत. विजेच्या स्लो कुकरला मात्र येथे मोठी बाजारपेठ मिळालेली नाही. रोजच्या डाळभातासाठी प्रेशर कुकर हाताशी असताना, आठ तासांत १.६ युनिट वीज घेणारे २०० वॉटचे यंत्र कशासाठी, हा प्रश्न रास्तच आहे. २०१० मध्ये कॅनडातून आलेल्या 'इन्स्टंट पॉट'सारख्या यंत्रांत दाबाने व मंद आचेवर शिजविण्याच्या दोन्ही सोयी एकत्र मिळतात.

वीज खंडित होण्याची अडचण येथे अधिक जाणवते. घरी असताना वीज गेल्यास पदार्थ लगेच गॅसवर शिजवून पुरा करावा. घरी कोणी नसताना वीज किती वेळ गेली होती हे कळत नसल्यास, पदार्थ वरून ठीक दिसला तरी तो टाकून द्यावा. अमेरिकेहून नातेवाईकांनी आणलेले यंत्र १२० व्होल्टवर चालणारे असते. ते २३० व्होल्टच्या प्लगला थेट जोडल्यास तारेत साडेतीन पटींहून अधिक वीजशक्ती खर्च होते व ती जळते. त्यासाठी व्होल्टेज उतरविणारा पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागतो. केवळ पिनेचा आकार बदलणारा अडॅप्टर पुरत नाही.