परदेशातील वेगमर्यादाभंगाचा दंड

परदेशात मोटार चालवताना तेथील वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल परकीय चालकावर आकारल्या जाणाऱ्या दंडास परदेशातील वेगमर्यादाभंगाचा दंड म्हणतात. हा दंड बहुधा रस्त्यावर पोलिसाच्या हाती द्यावा लागत नाही. रस्त्याकडेचा स्वयंचलित कॅमेरा वाहनाच्या क्रमांकपट्टीचे छायाचित्र टिपतो, क्रमांकावरून वाहनाचा नोंदणीकृत मालक शोधला जातो आणि चालक मायदेशी परतल्यानंतर काही आठवड्यांनी, कधी वर्षभरानेही, त्याच्या पत्त्यावर टपाल येते. मोटार भाड्याची असल्यास त्याआधीच क्रेडिट कार्डावरून एक अनोळखी रक्कम वजा झालेली दिसते. ही वजा झालेली रक्कम म्हणजेच दंड, असा समज प्रवाशांमध्ये सर्वाधिक आढळतो आणि तोच सर्वांत महाग पडतो.

पार्श्वभूमी

रस्त्यावरील वेगमापक कॅमेऱ्याच्या प्रसाराशी मॉरिस गॅट्सोनिडेस या डच चालकाचे नाव जोडलेले आहे. १९५३ ची माँटे कार्लो रॅली जिंकणाऱ्या गॅट्सोनिडेस यांनी स्वतःचा शर्यतीतील वेग अचूक मोजता यावा म्हणून उपकरण तयार केले आणि १९५८ मध्ये गॅट्सोमीटर ही कंपनी स्थापन केली. अधिक वेगाने जाण्यासाठी जन्मलेले साधन पुढे वेगाला आवर घालण्याच्या कामी आले.

परकीय चालकाला दुसऱ्या देशात वाहन चालवण्याची मुभा मुख्यतः १९४९ चा जिनिव्हा करार आणि १९६८ चा व्हिएन्ना करार यांमुळे मिळते. भारत जिनिव्हा कराराचा सदस्य आहे. प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहनचालन परवाना एक वर्ष वैध असतो. तो मूळ परवान्याची ओळख परकीय अधिकाऱ्यास पटवून देणारा दस्तऐवज आहे. त्याने कोणतेही संरक्षण मिळत नाही. चालक यजमान देशाच्या वाहतूक कायद्यास स्थानिक नागरिकाइतकाच बांधील असतो.

पाहुण्या चालकाकडून होणारे वेगमर्यादेचे उल्लंघन पुष्कळदा बेदरकारपणापेक्षा अपरिचयातून घडते. जर्मनीत गावाच्या सीमेवरील पिवळी नामपाटी हीच ताशी ५० किमी मर्यादेची सूचना असते. आकडा वेगळा लिहिलेला नसतो. फ्रान्समधील गावाच्या नामपाटीचाही अर्थ तोच. फ्रान्सच्या द्रुतगती मार्गांवर कोरड्या हवामानात असलेली १३० ची मर्यादा पावसात ११० वर येते. ब्रिटनमध्ये मर्यादा मैलांत लिहिलेल्या असतात. उत्तर आयर्लंडमधून आयर्लंड प्रजासत्ताकात शिरताच त्या किलोमीटरमध्ये बदलतात; सीमा मात्र रस्त्यावरून जाताना सहसा जाणवतही नाही.

भाड्याची मोटार आणि प्रशासकीय शुल्क

भाड्याच्या मोटारीच्या नोंदणीपुस्तकात कंपनीचे नाव असते, म्हणून पहिली विचारणा कंपनीकडे जाते. त्या वेळी मोटार कोणाच्या ताब्यात होती हे कंपनी करारपत्रातील नाव-पत्त्यासह कळवते आणि या कामाचे शुल्क ग्राहकाच्या कार्डावरून घेते. करारपत्रावर सही करताना ग्राहकाने त्यास संमती दिलेली असते. युरोपातील बहुतेक ठिकाणी हे शुल्क केवळ माहिती कळवण्याचे असते. त्यातून शासनाला एक पैही पोहोचत नाही. खरा दंड नंतर, वेगळ्या लिफाफ्यातून येतो.

शुल्क कापले गेल्याने प्रकरण मिटले असे मानून पुढचे पत्र बाजूला ठेवले, तर सवलतीची मुदत निघून जाते, मग मूळ मुदतही संपते आणि रक्कम वाढत जाते. याउलट काही कंपन्या, विशेषतः आखाती देशांत, दंड स्वतः भरून तो शुल्कासह ग्राहकाकडून वसूल करतात. तेथे पुन्हा भरणा केल्यास दुहेरी भुर्दंड पडतो. त्यामुळे कार्डावर रक्कम वजा झाल्यास ती शुल्काची आहे की दंडाची, हे कंपनीकडून लेखी विचारून घेणे आणि भाडेकरार किमान वर्षभर जपून ठेवणे आवश्यक ठरते. करारपत्रात अपुरा किंवा चुकीचा पत्ता लिहिला असल्यास नोटीस पोहोचत नाही, पण त्यामुळे दंड रद्दही होत नाही.

उत्तरदायित्व : चालक की मालक

नोटिशीला काय उत्तर द्यायचे हे त्या देशात दंडास कोण उत्तरदायी मानले जाते यावर अवलंबून असते. जर्मनीत उत्तरदायित्व चालकाचे आहे. त्यामुळे कॅमेऱ्याच्या छायाचित्रात चेहरा ओळखू येणे महत्त्वाचे असते आणि नोटिशीसोबत बहुधा ते छायाचित्र जोडलेले असते. दंडाचा आदेश निघण्यासाठी तेथे साधारणतः तीन महिन्यांची कालमर्यादा आहे. परंतु संबंधित व्यक्तीस म्हणणे मांडण्याचे पत्र पाठवल्यास ती नव्याने सुरू होते. ‘तीन महिने उलटले, सुटलो’ हा प्रवाशांमधील समज म्हणून अर्धवट आहे.

नेदरलँड्समध्ये १९८९ च्या कायद्यानुसार अशा दंडास नोंदणीकृत मालक जबाबदार असतो आणि वसुली लेउवार्डेन येथील केंद्रीय कार्यालय करते. फ्रान्समध्येही आर्थिक भार प्रथम मालकावर येतो. प्रत्यक्ष चालकाचे नाव कळवून तो स्वतःवरून दूर करता येतो. भाड्याने मोटार देणाऱ्या कंपन्या हेच करतात.

ब्रिटनमधील पद्धत या दोहोंपेक्षा निराळी आहे. तेथे कारवाईच्या हेतूची नोटीस उल्लंघनापासून १४ दिवसांत नोंदणीकृत मालकाकडे पोहोचावी लागते. १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्याच्या कलम १७२ नुसार चालक कोण होता हे २८ दिवसांत कळवणे बंधनकारक असते. न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा असून त्याची शिक्षा मूळ उल्लंघनापेक्षा जड असू शकते. भाडेकरूकडे येणारी नोटीस ही साखळीतील दुसरी असल्याने तिला १४ दिवसांचे बंधन नाही. आपल्याविरुद्ध आपणच माहिती देण्याची ही सक्ती मौनाच्या अधिकाराचा भंग करते काय, हा प्रश्न युरोपीय मानवाधिकार न्यायालयापुढे गेला होता. २९ जून २००७ रोजी न्यायालयाने तसा भंग होत नाही असा निर्णय दिला. ब्रिटनमधील किमान निश्चित दंड १०० पौंड असून त्यासोबत ३ दंडगुण नोंदवले जातात.

रकमा आणि मुदती

दंड मोजलेल्या वेगावर थेट आकारला जात नाही. यंत्रातील संभाव्य त्रुटीसाठी काही वजावट केली जाते. जर्मनीत ताशी १०० किमीपर्यंत ३ किमी व त्यापुढे ३ टक्के, तर फ्रान्समध्ये १०० पर्यंत ५ किमी व त्यापुढे ५ टक्के वजा होतात. नोटिशीत म्हणूनच मोजलेला आणि ग्राह्य धरलेला असे दोन वेग दिसतात.

जर्मनीत नोव्हेंबर २०२१ पासून वस्तीच्या भागात मर्यादेपेक्षा १० किमीपर्यंत अधिक वेगास ३० युरो, तर २१ ते २५ किमी अधिक वेगास ११५ युरो दंड आहे. आदेश मिळाल्यापासून दोन आठवड्यांत हरकत घ्यावी लागते. फ्रान्समध्ये एकाच उल्लंघनाच्या तीन रकमा असतात : ५० पेक्षा जास्त मर्यादेच्या रस्त्यावर २० किमीपेक्षा कमी उल्लंघन झाल्यास लवकर भरणाऱ्यास ४५, ठरलेल्या मुदतीत ६८ आणि त्यानंतर १८० युरो.

इटलीचा कायदा परदेशस्थ चालकांच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. तेथील रहिवाशास नोटीस ९० दिवसांत पाठवावी लागते, परंतु परदेशात राहणाऱ्यासाठी ही मुदत ३६० दिवस आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीतील दंड पुढच्या वसंतात घरी येतो तो यामुळे. ताशी १० ते ४० किमी अधिक वेगासाठी किमान दंड १७३ युरो असून नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत भरल्यास ३० टक्के सवलत मिळते. रात्री १० ते सकाळी ७ या वेळेतील उल्लंघनास एकतृतीयांश वाढ लागू होते. दाद मागायची झाल्यास ६० दिवसांत प्रीफेक्टकडे जाता येते किंवा शांतता न्यायाधीशाकडे. दुसऱ्या मार्गाची ३० दिवसांची मुदत परदेशस्थ व्यक्तीस ६० दिवसांची मिळते. सवलतीने भरणा केल्यावर मात्र हरकतीचा मार्ग बंद होतो.

फिनलंडमध्ये मोठ्या उल्लंघनाचा दंड उत्पन्नावर ठरतो. २०२३ मध्ये ऑलंड बेटांवरील एका धनाढ्य उद्योजकास १,२१,००० युरो भरावे लागले, ते वेगापेक्षा त्याच्या प्राप्तीमुळे.

सीमेपलीकडील वसुली

युरोपीय संघात दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. पहिली माहितीच्या देवाणघेवाणीची. २०११ चा निर्देश चुकीच्या कायदेशीर पायावर उभा असल्याने संघाच्या न्यायालयाने मे २०१४ मध्ये रद्द ठरवला आणि त्याची जागा २०१५ च्या निर्देशाने घेतली. वेगमर्यादाभंग, लाल दिवा ओलांडणे, मद्यपान करून चालवणे अशा आठ उल्लंघनांबाबत एक देश दुसऱ्या देशाकडून वाहनमालकाचे नाव मिळवू शकतो. दुसरी व्यवस्था प्रत्यक्ष वसुलीची. २००५ च्या चौकट निर्णयानुसार ७० युरो वा त्याहून अधिक रकमेचा अंतिम दंड मालकाच्या देशातील यंत्रणेकडून वसूल करून घेता येतो. वसूल झालेली रक्कम मात्र, वेगळा करार नसल्यास, वसुली करणाऱ्या देशाकडेच राहते. दंड लावणारा आणि पैसे मिळवणारा देश वेगळा असल्यावर उत्साह किती राहणार, हे सांगायला नको.

ब्रिटन २०२० अखेर या दोन्ही व्यवस्थांतून बाहेर पडला. जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांनी परस्पर वसुलीची तरतूद स्वतंत्र पोलीस कराराने केली असून ती १ मे २०२४ पासून लागू आहे. अमिरातींमध्ये दंड वाहनाच्या नोंदीवर चढतो व तो चुकता केल्याशिवाय नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. तेथे मर्यादेपेक्षा ताशी ६० किमीहून अधिक वेगास २,००० दिरहम दंड, १२ काळे गुण आणि ३० दिवस वाहनजप्ती अशी शिक्षा आहे. दुबई-अबुधाबी अशी नित्य ये-जा करणाऱ्या मराठी नोकरदारांना आणखी एक फरक माहीत असतो : दुबईत फलकावरील आकड्यापुढे दिली जाणारी २० किमीची सूट अबुधाबीने ऑगस्ट २०१८ मध्ये काढून टाकली आणि फलकांवरील आकडेच वाढवले.

भारतीय चालकाची स्थिती

परकीय न्यायालयाचा आर्थिक हुकूमनामा भारतात अंमलात आणण्याचा मार्ग दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ४४-अ मध्ये आहे. तो भारताने अधिसूचित केलेल्या देशांपुरता आहे. त्यांत ब्रिटन असून जानेवारी २०२० पासून संयुक्त अरब अमिरातींचाही समावेश आहे. तथापि याच कलमाच्या स्पष्टीकरणात कर, दंड किंवा तत्सम शास्तीची रक्कम वगळलेली आहे. म्हणजे परदेशातील वेगाचा दंड या मार्गाने भारतातील मालमत्तेतून वसूल होत नाही.

यावरून ‘भारतात परतल्यावर दंड विसरावा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अदूरदर्शी आहे. भाडेकंपनीचे शुल्क किंवा तिने ग्राहकाच्या वतीने भरलेला दंड हे करारातून निर्माण झालेले देणे असते. त्याला शास्तीचा अपवाद लागू होत नाही आणि कार्ड तर तिच्याकडे नोंदलेलेच असते. न भरलेला दंड मूळ देशाच्या नोंदीत राहतो. स्वित्झर्लंडमध्ये तो फौजदारी आदेशात रूपांतरित होऊन पर्यायी कैदेपर्यंत जाऊ शकतो. ब्रिटनच्या व्हिसा अर्जात वाहनचालनाच्या गुन्ह्याबद्दल झालेल्या शिक्षेविषयी प्रश्न विचारला जातो. शिक्षण वा नोकरीसाठी त्या देशात पुन्हा जायचे असलेल्या तरुणांनी शंभर युरोंसाठी हा धोका पत्करणे व्यवहार्य नाही.

भाषा आणि हरकतीचा अधिकार

अनोळखी भाषेतील नोटीस हा पाहुण्या चालकाचा पहिला अडथळा असतो. जर्मनीत राहणाऱ्या ओझतुर्क या तुर्की नागरिकास किरकोळ अपघाताबद्दल ६० मार्क दंड झाला होता. त्याने दाद मागितल्यावर दुभाष्याचा ६३.९० मार्क खर्चही त्याच्याच माथी मारण्यात आला. दंडापेक्षा दुभाषी महाग ठरल्याचे हे प्रकरण युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले. २१ फेब्रुवारी १९८४ च्या निर्णयात न्यायालयाने म्हटले की, देशांतर्गत कायदा उल्लंघनाला किरकोळ म्हणत असला तरी आरोपीस मोफत दुभाषी मिळण्याचा अधिकार आहे. संघाच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये असेही ठरवले की, दंडाच्या निर्णयातील आवश्यक भाग संबंधित व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत दिलेला नसल्यास दुसरा सदस्य देश त्याची वसुली नाकारू शकतो.

हरकत घेताना ‘फलक दिसला नाही’ किंवा ‘नियम माहीत नव्हता’ ही कारणे सहसा मान्य होत नाहीत. त्या दिवशी मोटार परत केलेली होती, चालक दुसरा होता, छायाचित्रातील क्रमांक वेगळा आहे किंवा नोटीस कायदेशीर मुदतीनंतर निघाली, अशा कागदोपत्री सिद्ध होणाऱ्या हरकती टिकतात. त्यासाठी भाडेकरार, मोटार परत केल्याची पावती आणि नोटिशीचा लिफाफा यांचा उपयोग होतो. लिफाफ्यावरील टपालाचा शिक्का कधी कधी आतील पत्राइतकाच महत्त्वाचा ठरतो.

बनावट नोटिसा

दंडाच्या नावाखाली फसवणूक करणारे ईमेल व लघुसंदेशही पाठवले जातात. खऱ्या नोटिशीत वाहनक्रमांक, ठिकाण, दिनांक, वेळ, मोजलेला वेग, लागू कलम आणि हरकतीची पद्धत नमूद असते. संदेशातील दुव्यावर पैसे भरण्याऐवजी संबंधित देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर नोटीस क्रमांक स्वतः टंकून पडताळणी करता येते. आपण त्या दिवशी त्या रस्त्यावर होतो की नाही, हे भाडेकरारातील तारखांवरून आधीच कळते.