राज्यपाल : कर्तव्ये, अधिकार आणि अनुभवाची कसोटी

राज्यपाल हे राज्याचे घटनात्मक प्रमुख. हे पद निवडणुकीने भरले जात नाही; कलम १५५ नुसार राष्ट्रपती नियुक्ती करतात. पात्रतेसाठी कलम १५७ मध्ये दोनच अटी आहेत : भारतीय नागरिकत्व आणि वयाची ३५ वर्षे पूर्ण. अनुभवाविषयी राज्यघटना मौन बाळगते.

मुख्यमंत्र्यांची नियुक्ती, विधानसभेचे अधिवेशन बोलावणे, विधेयकांना अनुमती देणे, अध्यादेश काढणे ही राज्यपालांची प्रमुख कामे. त्यांतील बहुतेक मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच पार पडतात. खरी कसोटी लागते ती जनादेश त्रिशंकू असताना. २०१७ मध्ये गोव्याच्या ४० सदस्यीय विधानसभेत काँग्रेसला १७, तर भाजपला १३ जागा मिळाल्या. राज्यपाल मृदुला सिन्हा यांनी अन्य पक्षांचा व अपक्षांचा पाठिंबा दाखविणारे मनोहर पर्रीकर यांना पाचारण केले. वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. न्यायालयाच्या आदेशानुसार १६ मार्च रोजी सभागृहात बहुमत चाचणी झाली आणि पर्रीकर यांनी ती २२ विरुद्ध १६ मतांनी जिंकली. मोठ्या पक्षाला डावलल्याचा आक्षेप मात्र उरलाच.

१९८३ मध्ये नेमलेल्या सरकारिया आयोगाने यासाठीच निकष सुचविले होते : व्यक्ती आपल्या क्षेत्रात ख्यातनाम, राज्याबाहेरची, स्थानिक राजकारणापासून अलिप्त आणि नजीकच्या काळात सक्रिय राजकारणात फारशी नसलेली असावी. हे निकष बंधनकारक नाहीत. तरीही नवे नाव जाहीर होताच भूषविलेल्या पदांची यादी मोजण्याऐवजी, ही व्यक्ती पक्षनिष्ठा बाजूस सारून निर्णय घेऊ शकेल काय, हेच प्रथम तपासणे इष्ट.