पुदिना, पाणी आणि एक जुना प्रश्न

अनेक घरांत खिडकीशी काचेच्या बाटलीत मनीप्लँटची एक फांदी ठेवलेली असते. अधूनमधून पाणी बदलायचे, एवढीच तिची निगा. ना माती, ना खत. तरी तिला नवी पाने फुटतात. ते पाहून वर्गात एखादा विद्यार्थी विचारतो, "सर, मग झाड नुसत्या पाण्यावर जगतं का?" आपण बहुधा "पाण्यात क्षार असतात" असे सांगतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. उत्तर बरोबर आहे. पण तेथवर पोहोचायला शास्त्रज्ञांना दोनशेहून अधिक वर्षे लागली, आणि ते सापडले ते अशाच पाण्याच्या बाटल्यांमधून.

सुरुवात मात्र कुंडीतून झाली. सतराव्या शतकात ब्रुसेल्सजवळ व्हान हेल्माँट नावाचा एक वैद्य व रसायनज्ञ होता. त्याने २०० पौंड वाळवलेली माती कुंडीत भरली आणि तीत विलोचे (आपल्या वाळुंजाच्या जातभाईचे) ५ पौंडांचे रोप लावले. पाच वर्षे त्याला फक्त पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी घातले. शेवटी झाड भरले १६९ पौंड ३ औंस. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती जेमतेम २ औंसांनी कमी झाली होती. लाकूड, साल, मुळे हे सारे पाण्यापासूनच बनले, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली हे प्रसिद्ध झाले.

प्रयोग चोख होता, वजने बरोबर होती, तरी निष्कर्ष चुकला. हवेचा त्याने विचारच केला नाही, आणि कमी झालेले २ औंस किरकोळ म्हणून सोडून दिले. गंमत अशी की 'गॅस' हा शब्द शास्त्राला देणारा माणूस हाच!

ते २ औंस मनावर घेतले लंडनच्या जॉन वुडवर्डने. तो भूशास्त्रज्ञ होता. १६९१-९२ मध्ये त्याने काचेच्या भांड्यांत निरनिराळे पाणी भरून त्यात पुदिन्याच्या जातीची रोपे वाढवली. पावसाच्या आणि थेम्स नदीच्या पाण्यात ठेवलेली रोपे सुरुवातीला प्रत्येकी सुमारे २८ ग्रेन वजनाची होती. (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम.) ७७ दिवसांत पावसाच्या पाण्यातले रोप साडेसतरा ग्रेनांनी वाढले, थेम्सच्या पाण्यातले २६ ग्रेनांनी. पुढच्या वर्षी त्याने हाइड पार्कच्या नळाचे पाणी घेतले. त्यात ११० ग्रेनांचे रोप ५६ दिवसांत १३९ ग्रेनांनी वाढले. त्याच पाण्यात दीड औंस बागेची माती कालवली, तेव्हा ९२ ग्रेनांचे रोप तब्बल २८४ ग्रेनांनी वाढले.

वुडवर्डने रोपांनी किती पाणी ओढले तेही मोजले होते. एक ग्रेन वाढीसाठी पावसाचे पाणी लागले १७१ ग्रेन, माती कालवलेले फक्त ५२ ग्रेन. पाणी हेच अन्न असते, तर जितके पाणी तितकी वाढ दिसली असती. रोपाने ओढलेले बहुतेक पाणी पानांवाटे उडून जाते, हेही त्याने ओळखले. मात्र झाड मातीच्या कणांपासून बनते, असे त्याने म्हटले. हवा पुन्हा विसरली गेली.

ती त्रुटी पुढच्या शतकात भरून निघाली. १७७९ मध्ये इंगेनहाउझने उजेडाचे महत्त्व दाखवले. १८०४ मध्ये जिनीव्हाच्या द सोस्यूरने हिशेब जुळवला : कर्ब येतो हवेतून, पाणीही झाडाच्या वजनात भर घालते, आणि थोडे पण आवश्यक क्षार येतात मुळांवाटे. म्हणजे व्हान हेल्माँट आणि वुडवर्ड, दोघेही थोडे थोडे बरोबर होते.

पण कोणते क्षार आवश्यक? झाड जाळून राखेचे पृथक्करण केले, तर झाडात काय आहे ते कळते. त्याला काय हवे ते कळत नाही. सोडियम आणि सिलिकॉन राखेत असतात, पण बहुसंख्य झाडांचे त्यांच्यावाचून अडत नाही. मातीतून एखादे मूलद्रव्य नेमके काढून टाकता येत नाही. बाटलीत मात्र ते मुळात घालायचेच नाही, एवढेच करावे लागते. १८६० च्या सुमारास जर्मनीत युलियस साक्स आणि विल्हेल्म क्नॉप यांनी हीच युक्ती वापरली. क्नॉपच्या द्रावणात एक लिटर पाण्याला ०.८ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, प्रत्येकी ०.२ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट, पोटॅशियम फॉस्फेट व मॅग्नेशियम सल्फेट आणि लोहाचा अंश, इतकेच असे. लोह वगळले की नवी पाने पिवळी पडत. अशा रीतीने कर्ब, हायड्रोजन व ऑक्सिजन धरून दहा मूलद्रव्यांची यादी तयार झाली.

यादी पुरी झाली असे पुढे बरीच वर्षे वाटत राहिले. खरे तर बाटल्यांत आणखीही काही मूलद्रव्ये न सांगता शिरत होती : क्षारांतल्या भेसळीतून, पाण्यातून, अगदी काचेतूनसुद्धा. क्षार अधिक शुद्ध मिळू लागले तशी एकेकाची उणीव दिसू लागली. १९२२ मध्ये मँगनीज, १९२३ मध्ये बोरॉन, १९२६ मध्ये जस्त, १९३१ मध्ये तांबे, १९३९ मध्ये मॉलिब्डेनम, १९५४ मध्ये क्लोरीन आणि १९८७ मध्ये निकेल! बोरॉनची गरज दाखवली कॅथरिन वॉरिंग्टन यांनी, इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे, घेवड्यासारख्या एका शेंगभाजीवर. आज यादी सतरावर आहे. दहाची यादी चुकीची नव्हती. ती त्या काळच्या शुद्धतेइतकीच खरी होती.

या प्रयोगांमधूनच मातीविना शेती निघाली. कॅलिफोर्नियात गेरिकेने पाण्यावर उंचच उंच टोमॅटो वाढवले आणि १९३७ मध्ये 'हायड्रोपोनिक्स' हे नाव रूढ केले. वृत्तपत्रांनी चमत्कार म्हणून गाजावाजा केला. १९३८ मध्ये त्याच विद्यापीठातील होगलंड व अर्नन यांनी तपासून सांगितले की, चांगल्या मातीपेक्षा पाण्यात पीक अधिक येते असे नाही. झाडाच्या गरजा तिकडेही त्याच, इकडेही त्याच.

वुडवर्डचा प्रयोग आपल्या वर्गातही होऊ शकतो. बाजारातून पुदिन्याची जुडी आणावी. सारख्या वजनाच्या फांद्या तीन बाटल्यांत ठेवाव्यात : एकीत ऊर्ध्वपातित पाणी, दुसरीत नळाचे, तिसरीत माती कालवून गाळलेले. शेवाळ धरू नये म्हणून बाटल्यांना काळा कागद गुंडाळावा. पाणी उडू नये आणि डास होऊ नयेत म्हणून तोंडे कापसाने बंद करावीत. दर आठवड्याला वजन करावे आणि किती पाणी कमी झाले तेही लिहावे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवू. ऊर्ध्वपातित पाण्यातली फांदीसुद्धा सुरुवातीला मुळे फोडील, कदाचित एखादे पानही. मुले म्हणतील, "बघा, नुसत्या पाण्यावर वाढली!" तेव्हा लगेच उत्तर देऊ नये. फांदीने स्वतःबरोबर काय आणले होते, बाटलीत आणखी कोठून काय आले असेल, हे त्यांनाच विचारावे. व्हान हेल्माँट याच जागी अडला होता.