कलकत्त्याचा बांबू आणि ओढ्यावरची काठी

एका श्रोत्याने विचारलंय, ट्राउटच्या लहान ओढ्यासाठी फ्लाय रॉड कुठला घेऊ? उत्तराला मला थेट १६७६ मध्ये जावं लागतंय.

त्या वर्षी इंग्लंडच्या चार्ल्स कॉटनने लिहिलं की काठीची लांबी नदीची रुंदी बघून ठरवा. ट्राउटला पाच-सहा यार्ड पुरे. म्हणजे पंधरा-अठरा फूट! दोरी टोकालाच बांधलेली, त्यामुळे लांब काठीशिवाय गत्यंतर नव्हतं.

काठी हलकी झाली ती बांबूमुळे. १८४० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचा सॅम्युएल फिलिपी बांबूच्या कामट्या चिकटवून काठ्या करू लागला. माणूस मूळचा बंदुका करणारा, व्हायोलिनही बनवायचा. आणि बांबू? व्यापारात त्याचं नावच 'कलकत्ता'! आपल्याकडचाच की. पुढे दक्षिण चीनच्या टोंकिन बांबूने त्याला मागे टाकलं. १९५० मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली, मग काचतंतूच्या काठ्यांना रान मोकळं झालं.

आता मुद्द्याचं. खोट्या माशीला वजन नसतं. काठी वाकते ती दोरीच्या वजनाने. ओढ्यावर बाहेर दोरी असते जेमतेम पंधरा-वीस फूट. तेवढ्यात ताठ काठी वाकतच नाही. मी हौसेनं नऊ फुटी, पाच नंबरची घेतली होती, अर्धा दिवस फांद्यांतून गळ सोडवण्यात गेला. तेव्हा दादा, सात फुटी, तीन नंबरची घ्या. काचतंतूची मिळाली तर उत्तमच.